दाजी, गाडी परत मागू नका

मेहसाण्याच्या अलीकडं, गुळाच्या गोदामाबाहेर, गाडीच्या सावलीत बसून.

तीर्थरूप हंबीरराव दाजींच्या पायाशी धाकटा मेव्हणा कृष्णात याचा स्टेअरिंग सोडून दोन्ही हातांनी नमस्कार (गाडी उभी हाय, हँडब्रेक वढलाय, चाकाखाली दगड बी हाय, तवा पत्राच्या पहिल्याच ओळीला शिव्या देऊ नका). तुमची साखर कशी हाय? आक्काला विचारून कळवा. तुम्ही स्वतः सांगू नका, तुम्ही सांगताना निम्मी करून सांगता. गोळ्या वेळच्या वेळी घेताय का, का गेल्या खेपेसारख्या तुळशीच्या कुंडीत सापडायच्या? घरची सगळी मंडळी बरी असतील. मी हितं खुशाल हाय असं लिहायची पद्धत हाय, पण मी खुशाल न्हाय.

पत्र तुमच्या लेकीनं, राजनंदिनीनं मोठ्यानं वाचून दाखवावं, तुम्ही डोळ्याला ताण देऊ नये (राजनंदिनी, कंसातलं बी वाच, गाळत जाऊ नकोस). आता तुम्ही म्हणाल, ह्या जमान्यात पत्र कोण लिहितंय, फोनला काय धाड भरलीया? दाजी, फोनवर मी विषय काढला की तुमची रेंज जाती. कागलात हायवेला लागून घर असलेल्या माणसाची रेंज जात न्हाय, ही गोष्ट शेंबडं पोरगं बी सांगंल. म्हणून पत्र. कागलचाच मौलाभाई हितं कांदा उतरून उद्या माघारी निघालाय, त्याच्या हातनं पाठवतोय. त्यो पत्र देईल, चहा पिईल आन् तुम्ही ऐकताय का न्हाय ते बघून मगच उठंल, असं मी त्याला सांगून ठेवलंय.

विषय एवढाच. तुम्ही सोमवारी डोळं तपासून लायसन नवं करून घेणार, आन् मी माघारी आलो की ट्रकची चावी परत घेणार, असं माझ्या कानावर आलंय. साखरेनं डोळ्याचा पडदा खराब केलाय, गाडी बंद, असं डॉक्टरनी सांगितलं तवा मी तुमच्या शेजारीच हुतो. तुम्ही तवा मान हलवलीत. ती मान तुम्ही नुसती डॉक्टरला गप करायला हलवलीत, ते मला आता कळालं. दाजी, गाडी परत मागू नका. ह्या लाईनीत सुख म्हणून काय राहिलेलं न्हाय. तुमच्या वेळंची लाईन निराळी हुती. सविस्तर लिहितो, गाडी खाली हुईपर्यंत मला दुसरा धंदा न्हाय.

सुरुवात चपलेपासनं करतो. चावी देताना तुम्ही बजावलं हुतं की केबिन म्हंजे देव्हारा, तिथं चप्पल घालून चढायचं न्हाय. मला ते पटलं. पण दाजी, तुमच्या वेळी मागनं चप्पल उचलून वर घ्यायला क्लीनर हुता. आता क्लीनर मिळत न्हाय. मिळाला तर त्याला मोबाईलवरनं मान वर काढायला सवड नसती. मी एकटाच. मी चप्पल खाली काढतो, देवाला हात जोडतो, चढतो आन् गाडी काढतो. चप्पल ऱ्हाती तिथंच. पहिला जोड साताऱ्याच्या पुढं चहाच्या टपरीवर राहिला, दुसरा वापीला डिझेल टाकताना. तिसरा मी सुरतेत घेतला, प्लास्टिकचा, त्यो भरूचपर्यंत टिकला. चौथा जोड आक्कानं सणाला घेतलेला, अस्सल कोल्हापुरी, पिशवीतनं काढायचं धाडस हुत न्हवतं. शेवटी काढला आन् हुशारी करून सुतळीनं दाराच्या हँडलला बांधला. दिवसभर ती पायताणं बाहेर वाऱ्यावर फडफडत हुती. ढाब्यावर एक पंजाबी ड्रायव्हर कौतुकानं म्हणाला, नजर लागू नये म्हणून फाटका बूट टांगणारं लई बघितलं, नवी कोरी कोल्हापुरी टांगणारा तूच पहिला. त्याला काय सांगायचं? मी व्हय म्हटलं. जेवून आलो तवर सुतळी हुती, चप्पल नव्हती. सध्या मी अनवाणी हाय. मेहसाण्याची फरशी दुपारी कशी तापती ते तुमास्नी ठावं असंल, नसंल तर बरंच हाय.

दुसरं म्हंजे माणसं. ह्या लाईनीत माणूस दिसतो पण भेटत न्हाय. मी वारणानगरला दूध गोळा करायचा टेम्पो चालवत हुतो तवा वाटंवरचं कुत्रं सुद्धा मला नावानं वळखत हुतं. कुणाच्या म्हशीला काय झालंय, कुणाच्या पोरीचं कुठं जमलंय, सगळं मला दूध घालताना कळायचं. हितं दिवसच्या दिवस तोंडातनं शब्द फुटत न्हाय. टोलवर काचेतनं हात येतो, हात जातो, तोंड दिसत न्हाय. एका नाक्यावर मी तिथल्या साहेबाला आपल्या सवयीनं, काय पावणं, बरं हाय का, असं मोठ्यानं विचारलं. त्याला वाटलं मी भांडाय आलोय. त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली आन् गुळाच्या पार तळापर्यंत बघितलं. तवापासनं मी कुणाची खुशाली विचारायची सोडून दिलीया.

आन् त्या टेम्पोच्या सवयीनं तर माझी पार अब्रू घालवली. तुमास्नी ठावं हाय, वळणावर दोन हॉर्न मारले की बायका किटल्या घेऊन रस्त्यावर येतात. हाताला तेच वळण पडलेलं. हितं हायवेचं काम चाललंय म्हणून गाड्या एका गावातनं वळवल्या हुत्या. पहाटेची वेळ, चुलीचा धूर, शेणाचा वास, गोठ्यातनं एक रेडकू वरडत हुतं. माझा हात आपोआप हॉर्नवर गेला. दोनदा वाजवला. पाय आपोआप ब्रेकवर गेला. आन् दाजी, एका घरातनं खरंच एक म्हातारी किटली घेऊन आली. तिच्या मागनं आणखी दोघी आल्या. म्हातारीनं किटली पायरीवर ठेवली आन् वर माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं बघितलं, एवढी मोठी दुधाची गाडी आज कशी काय म्हणून. मी माझ्या हिंदीत सांगितलं, मौसी, ये गूळ का गाडी है. तिनं गाडीच्या दारावर दोन थापा मारल्या आन् गुजरातीत जे चालू केलं ते माझ्या जल्मात विसरायचं न्हाय. मला गुजराती येत न्हाय, पण सगळं कळालं. तेवढ्यात मागनं खराखुरा दुधाचा टेम्पो आला आन् माझ्या गाडीमागं अडकला. त्यो ड्रायव्हर उतरून मला जे बोलला ते बी कळालं, कारण त्याच्या जागी मी असतो तर तेच बोललो असतो.

गाडी बाजूला घेतली. सगळ्यांचं दूध घालून झालं. मग त्या म्हातारीला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं किटलीच्या झाकणात उरलंसुरलं दूध वतलं आन् माझ्याफुडं केलं. मी ते पिताना रडलो, दाजी. खरं सांगतो. घर सोडल्यापासनं पहिल्यांदा कुणीतरी गाडीकडं न बघता माझ्याकडं बघितलं हुतं. (राजनंदिनी, हे वाचताना हसलीस तर तुझ्या लग्नात नाचणार न्हाय.)

गुळाचं काय विचारता. उन्हानं रव्यांना, एकेका ढेपंला, घाम सुटलाय. मुंग्यांनी पहिली फळी जिंकली, मग केबिनवर चाल केली. माझ्या उशीत मुंग्या, चहात मुंग्या, तुम्ही लावलेल्या ज्योतिबाच्या फोटोमागं मुंग्या. गोदामाचा शेठ पोरीच्या लग्नाला गेलाय आन् गोदामाची किल्ली त्याच्या खिशातच ऱ्हायलीया. हमाल म्हणतात, आज येतील. ते कालबी हेच म्हणत हुते. दिवसभर मी सावली सरकंल तसा गाडीभोवती सरकतो. रिकामा बसलेला माणूस काय काय विचार करतो ते तुमास्नी सांगायला नको, तुम्ही बी सध्या तेच करताय.

आता शेवटचं सांगतो आन् हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. परवा दिवस बुडताना, ना उजेड ना अंधार अशा वेळी, समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यात येत हुते. माझ्याफुडं रस्ता मोकळा हुता. मोकळा म्हंजे मला तसा दिसत हुता. एकाएकी समोर राखाडी भिंत उभी ऱ्हायली. कापसानं भरलेली ट्रॉली, मागं दिवा न्हाय, लाल फडकं न्हाय. मी दोन्ही पायांनी उभा ऱ्हाऊन ब्रेक मारला. मागं गुळाचे रवे सरकले आन् केबिनच्या पाठीला असा दणका बसला की मला वाटलं संपलं. गाडी थांबली तवा ट्रॉलीचा कापूस माझ्या काचेला लागत हुता. वर कापसावर दोन माणसं झोपलेली. ती जागी सुद्धा झाली न्हाईत. ट्रॉली तशीच डुलत फुडं गेली. मी गाडी कडंला घेतली, खाली उतरलो आन् वायपरात अडकलेला कापूस बोटानं काढत बसलो.

दाजी, माझे डोळे चांगले हायत. चांगल्या डोळ्यास्नी ती ट्रॉली दिसली न्हाय. आन् तुम्ही गेल्या महिन्यात दारात आलेल्या शेजारच्या वैनीला आक्का समजून, नटून कुठं निघालीस, आधी माझा चहा टाक, म्हणालात. वैनीनं गुमान चहा टाकला म्हणून गल्लीत गवगवा झाला न्हाय. तुम्ही ह्या रस्त्यावर आलात तर त्या दोन माणसांचं काय हुईल, तुमचं काय हुईल, आन् मी आक्काला तोंड कसं दाखवायचं? मला भ्या वाटतं. हे मी फोनवर बोलू शकलो नसतो, रेंज असती तरी.

एवढं लिहून हात दुखाय लागला. थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना पापा, म्हशीला पेंड. लोभ हाय त्यात वाढ करा, साखरेत तेवढी करू नका.

तुमचा,
कृष्णात (अनवाणी)

ता. क. आक्कानं मला परसात जाऊन हळू आवाजात फोन केलता की लाईनीचं जेवढं वाईट लिहिता येईल तेवढं लिही, म्हंजे ह्यांचं मन उडंल. तिच्यावर रागावू नका. मी तिच्या सांगण्यावरनं लिहिलंय, पण वरचं एक अक्षर बी खोटं न्हाय. वाईट शोधाय मला लांब जावं लागलं न्हाय.

ता. क. दुसरी. लिहू का नको असं करत हुतो, पण लिहितो. चांगलं मी मुद्दाम गाळलंय. सकाळी इंजिनाला पहिला हुंकार आला की अंगात बरं वाटतं. घाट चढून गाडी माथ्यावर आली की मी एकटाच मोठ्यानं गातो. वारणेचा टेम्पो आता दुसऱ्याच्या ताब्यात हाय, माघारी जायला मला जागा न्हाय, आन् असती तरी मी गेलो असतो का, ते सांगता येत न्हाय. तवा गाडी परत मागू नका असं मी लिहिलं त्यात तुमच्या डोळ्याची काळजी हाय, आन् गाडी माझ्या हातनं जाईल ही बी काळजी हाय. त्यातली कुठली मोठी ते विचारू नका. लाज वाटती.

ता. क. तिसरी, पानाच्या मागं. राजनंदिनी, हे फक्त तुझ्यासाठी हाय. मनातल्या मनात वाच, खोकला आल्यासारखं कर आन् पत्र घडी घालून आत जा. डोळ्याच्या दवाखान्यातल्या अक्षरांच्या तक्त्याचा तू फोटो काढलायस आन् रोज सांजच्याला तुझे बाबा तुझ्याकडनं त्यो वाचून घेऊन पाठ करतात, हे तूच मला फोनवर सांगितलंस. सांगताना हसत हुतीस, मग मधीच, मामा तू कधी येतोस, असं विचारलंस. मला तवाच कळालं की तुला बी झोप लागत न्हाय. त्यांना समजावून काय उपेग न्हाय, हे अख्खं पत्र लिहून बी मला म्हाईत हाय. तू एक काम कर. आजपासनं तक्त्याच्या खालच्या ओळी बदलून पाठ करून घे. त्यांना फोटो दिसत न्हाय, तू म्हणशील ते खरं. पाप लागलं तर माझ्या नावावर लाव. सोमवारी ते नापास होऊन येतील, डॉक्टरचा उद्धार करतील, ताटावरनं उठतील. त्या दिवशी त्यांच्याजवळ कुणी जाऊ नका, आक्कालाबी सांग. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन लावून त्यांच्या हातात दे आन् म्हण, मामाची गाडी वाटंत बंद पडलीया, त्याला काय सुधरंना, तुम्हीच सांगा. गाडीला काय झालंय ते मी तवर शोधून ठेवतो. काय झालं नसलं तर एखादी वायर उपसून ठेवतो.