हळदीच्या आंघोळीआधी

जामसंडे,
२ एप्रिल १९५९

प्रिय हरिश्चंद्र,

'प्रिय' लिहावं की 'श्रीयुत', यात दोन कागद फुकट गेले. तिसऱ्यावर धीर केला. नावही लिहून टाकलं, कारण लग्नानंतर ते घ्यायची सोय उरणार नाही, आणि लग्न होणार की नाही ते हे पत्र वाचून तुम्हीच ठरवायचं आहे. घरात कोणाला या पत्राचा पत्ता नाही. माघात मुंबईहून येऊन तुम्ही ज्या मुलीला पाहिलंत आणि होकार दिलात, तिच्याविषयी थोडं सांगायचं आहे. ती मुलगी जामसंड्यात राहत नाही. कुठेच राहत नाही. ती आम्ही चौघांनी मिळून तयार केली होती.

मी जन्मापासून पांढरी आहे. गोरी म्हणत नाही, गोऱ्या मुलींना मागणी असते. मी केळीच्या खोडाच्या सोपटाच्या आतल्या बाजूसारखी पांढरी. भुवया आहेत की नाहीत ते जवळ येऊन बघावं लागतं, आणि दहा मिनिटं उन्हात उभी राहिले की उकडलेल्या कुर्लीसारखी लाल होते. शाळेत मला मड्डम म्हणत. त्याचं काही वाटत नसे, उलट मड्डम म्हणून मी सगळ्यांवर हुकूम सोडायचे. पण विजयदुर्गाहून पहिलं स्थळ आलं आणि हसणं संपलं. मुलाच्या आजीने पदराचं टोक ओलं करून माझा गाल खसाखसा घासला. मुलीने पावडर लावली आहे का ते बघायची ही रीत. इतरांची पावडर निघते आणि खालून सावळी मुलगी बाहेर येते. माझ्या गालातून काहीच निघेना, तसा आजीचा चेहरा उतरला. "ही पावडर न्हय गो, ह्या कोड आसतला!" म्हणून ती पोह्यांना हात न लावता उठली. दुसऱ्या स्थळाने पोहे खाल्ले, पण नकार तोच. कोड नाही असा डॉक्टरांचा दाखला बाबांनी आणला, पण तो कपाळाला चिकटवून बसता येत नाही.

मग बाबांच्या बहिणीने, काशीआतेने, कंबर कसली. "चेडवाक जरा सावळा करूक व्हया," असं तिने जाहीर केलं. माझा भाऊ बाबली मुंबईला असतो, त्याला पत्र गेलं. बिचारा चार दुकानं फिरला, तर सगळीकडे सावळीला गोरी करायचं सामान. पांढरीला गव्हाळ करायचं काही आहे का, असं विचारल्यावर एका दुकानदाराने त्यालाच विचारलं, त्या बाईशी तुमचं वैर आहे का? शेवटी त्याने फाउंडेशन नावाची एक बाटली आणि पावडरचा डबा पाठवला. बाटलीतला रंग माझ्यावर काशीआतेच्या कवळीसारखा गुलाबी दिसला. तेव्हा आतेने घरचा उपाय काढला. कोकमाचं आगळ घेतलं, त्यात ती पावडर कालवली आणि भराभर मला माखायला लागली. आगळ लाल, म्हणजे रंग तांबूस येणार असा तिचा हिशेब. पण पावडरीत काय होतं कोण जाणे, लालाचं जांभळं झालं, जांभळ्याचं निळं झालं, तोवर अर्धा चेहरा माखून झाला होता. साबण लावला तर हिरवट छटा आली. दोन दिवस मी विहिरीवर गेले नाही, गालगुंड झालं म्हणून सांगितलं. आई रडत होती, आते देवाला नारळ बोलत होती आणि मला आरशात बघून हसू आवरत नव्हतं. हसून झाल्यावर मीही रडले. आगळातलं मीठ डोळ्यांत गेलं असंच सगळे समजले, ते बरंच झालं.

शेवटी आते मला गंगारामाकडे घेऊन गेली. गंगाराम आमचा दशावतारी. एरवी शेती करतो, नाटकात द्रौपदी होतो. काळाकुट्ट माणूस, पण रंग लावून, लुगडं नेसून उभा राहिला की गावच्या बायका त्याच्याकडून निऱ्या शिकतात. तो गुरांना वैरण घालत होता. त्याने माझी हनुवटी उजेडाकडे वळवली आणि सुस्कारा सोडला. "बाय माझे, मी तीन तास रंग लावन जंय पोचतंय, थंय तू जल्मापासून बसलंस!" माझ्या चेहऱ्याचा हेवा करणारा हा पहिला माणूस. त्याने खोबरेलात पिवळी पिवडी, चिमूटभर तांबडी काव आणि किंचित काजळी खलली. "रंग गालार नाय, मानेर बघूचो. नायतर तोंड एकाचा नि मान दुसऱ्याची," असं बजावून त्याने आपल्या गव्हाळ बायकोला बोलावलं आणि तिच्या हाताशी माझी मान जुळवत बसला. सातव्या खलात मी गव्हाळ झाले.

मग तुम्ही आलात. घाम आला तरी पुसायचा नाही, अशी मला ताकीद होती. तुम्ही खाली मान घालून बशीतून चहा पीत होतात आणि घडोघडी रुमालाने वरचा ओठ टिपत होतात. माणूस लाजाळू आहे असं वाटून मला फार बरं वाटलं. वाचायची आवड आहे का, एवढंच तुम्ही विचारलंत. मी हो म्हटलं. त्या दिवशी आमच्या घरात बोललं गेलेलं तेवढंच एक खरं. चार दिवसांनी मध्यस्थ भाई तुमचा निरोप घेऊन आले, "चेडवाचो रंग माका आवडलो म्हणता. उगीच पावडर फासूक नाय, जसा आसा तसा दिसता." आतेने पेढे वाटले. माझा पेढा मी तसाच डब्यात परत ठेवला, कारण तुम्ही मला आवडला होतात.

वैशाखात लग्न आहे. हळद लावून पाच सवाशिणी मला आंघोळ घालतील आणि गंगारामाचा रंग न्हाणीतून माडाच्या मुळाशी वाहून जाईल. आते म्हणते, पुन्हा लावू. मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, जन्मभर? गंगाराम द्रौपदी झाला तरी सकाळी रंग पुसून आपल्या घरी जातो. मी रंग पुसायला कोणाच्या घरी जाऊ? अंतरपाट बाजूला झाल्यावर तुम्ही दचकू नये, म्हणून हे आधीच लिहिलं. नको असेल तर बाबांना एक कार्ड टाका, नकाराचं कारण काहीही लिहा, फक्त कोड लिहू नका. पण कार्ड टाकण्याआधी एक ऐका. तुम्ही गेल्यावर कपबशा मी विसळायला घेतल्या. तुमच्या बशीच्या कडेला एक काळी महिरप उमटली होती, बरोबर मिशीएवढी. आई म्हणाली, चुलीची काजळी असेल. पण सात खल बघितल्यावर काजळी कुठली आणि कलप कुठला ते मला कळतं. मिशी किती पिकली आहे ते मी विचारत नाही. हरिश्चंद्र नावाच्या माणसाने ते आपणहून सांगावं. होकार कायम असेल तर लग्नाला धुतलेल्या मिशीने या, मी धुतलेल्या तोंडाने उभी राहीन. आणि ती बशी मी फळीवर मागे लपवून ठेवली आहे. अजून विसळलेली नाही.

तुमचीच, धुतल्यावरही,
सुभद्रा