पल्लवीचे मिटलेले डोळे

मंगळवार, दिवेलागणीला

हिचा गुडघा आज बरा आहे. थोरल्याची सर्दी उतरली, सूनबाई ठीक, मी ठणठणीत. जीव अडकलाय तो पुण्यात, नातीपाशी. हेवी मेटल वाजवणारा तिथला एक बँड उद्या ठरवणार, ड्रमवर पल्लवीला ठेवायचं की नाही.

दुपारी तिनं व्हिडिओ पाठवला. हात वाऱ्यासारखे, दोन्ही पाय पेडलवर. पण डोळे मिटलेले. फोनवर म्हणाली, "आबा, मी चुकत न्हाई, तरी पोरं म्हणतात, तू आमाला सोडून पुढं पळतीस."

त्या वाद्यातलं मला काय कळतं? पण होळीला आपल्या बंजारा तांड्यावर लेंगीचा नाच रंगतो तेव्हा डफ माझ्याच हातात असतो, आणि नजर नाचणाऱ्यांच्या पायांवर. सगळ्यात म्हाताऱ्या गड्याचं पाऊल टेकल्याबिगर माझी थाप पडत नाही. जोर काय, कुणालाही येतो. सगळ्यांना धरून नेतो तो मोठा वाजवणारा. तिकडंही असंच असेल ना? चुकतही असेन.

तिला म्हटलं, "डोळे काहून मिटतीस? त्यांचे पाय बघ."

"आबा, तिथं कुणी नाचत न्हाई. नुसती डोकी हलवतात."

"मग डोकी बघ."

लई हसली. आत्ता तिचा परत फोन येऊन गेला. सरावात डोळे उघडे ठेवले, तर गिटारवाला म्हणाला, आज बराबर संगं होतीस.

उद्याही उघडेच राहतील, असं वाटून राहिलंय. तरी राहवेना, मेसेज टाकलाच: घेतलं तरी कळव, न्हाई घेतलं तरी कळव, पण बाई, लवकर कळव.