मधल्या खुर्चीची व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय बहात्तर, धंदा चष्म्यांचा, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या मिळकतीची पुढीलप्रमाणे व्यवस्था लावून ठेवतो. रक्तदाब ताब्यात आहे. डोके शांत आहे असे पत्नीला वाटत नाही, पण तेवढे कायदाही मागत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी माझ्या पश्चात पत्नीच्या, तिच्यानंतर मुलीच्या. यात कोणी नाक मुरडण्यासारखे काही नाही.

२. दुकान, भिंगे घासण्याचे यंत्र आणि डोळे तपासण्याच्या भिंगांची पेटी पुतण्याला. त्याने गिऱ्हाइकाला "हे बरं की ते?" असे विचारल्यावर उत्तराची वाट पाहावी. सध्या तो पाहत नाही.

३. संगीताची सामग्री, म्हणजे बिनपंख्याचा छोटा संगणक, गाण्यांची डिस्क, संगणकातल्या आकड्यांचा आवाज करणारी डॅक नावाची डबी, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर, हे सगळे पत्नीला. हे कलम लांबणार आहे, कारण त्यात तिसरा माणूस आहे.

तो म्हणजे वरच्या मजल्यावरचे कॅप्टन. जहाजावर ते इंजिन सांभाळत. कॅप्टन ही बढती त्यांना आमच्या इमारतीने दिली. दुकान पुतण्या बघू लागल्यावर मला घरी निवांत, चांगल्या प्रतीचे संगीत ऐकायचे होते. दुकानातला जुना संगणक आणावा आणि जोडावा, असा माझा सरळ विचार. जोडलाही. कॅप्टन चहाला आले, डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "वहिनी, गाण्याच्या मागे संगणकाचा पंखा घरघरतोय, ऐकू येतोय का तुम्हाला?"

पत्नीने कान दिला. "हो की, येतोय खरा."

आमच्या छताचा पंखा वर्षानुवर्षे करकरतो. त्याबद्दल तिने आजवर चकार शब्द काढलेला नाही.

मग निवड सुरू झाली. बिनपंख्याचा संगणक ठरला आणि कॅप्टन दोन डॅक पारखायला घेऊन आले. दोन्ही स्पीकरचा आवाज सारखा जुळतो तो मधल्या खुर्चीत, म्हणून पत्नीला तिथे बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि डॅक आलटूनपालटून लावत ते तिला विचारू लागले, "हे बरं की ते?" जन्मभर मी हाच प्रश्न विचारून पोट भरले. तो माझ्याच घरात माझ्या बायकोला दुसऱ्याने विचारावा आणि तिने हसत हसत उत्तर द्यावे, हे मला तेव्हा सहन झाले नाही, आजही होत नाही. मी त्या वेळी स्टुलावर वायर धरून उभा होतो.

तिने निवडलेली डॅक घेतली. संगणकाने गाण्यात वाटेत ढवळाढवळ करू नये म्हणून काय बंद ठेवायचे, हे कॅप्टननी तिलाच शिकवले. मी काही विचारले की ती म्हणते, "थांबा, कॅप्टनना फोन करते." आवाज उत्तम येतो. हे लिहिताना माझा जळफळाट होतो, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

४. मधली खुर्ची. त्या दिवसापासून तिच्यात मीच बसतो. पत्नी बाजूच्या दिवाणावर बसते. कॅप्टन दर रविवारी येतात आणि दाराजवळ बसतात. तिथे आवाज सर्वांत वाईट येतो, म्हणून ती जागा मी त्यांना दिली. या कलमात मी आधी लिहिले होते की माझ्या पश्चात खुर्चीत फक्त पत्नीने बसावे. वरच्या मजल्यावरील कोणीही बसल्यास स्पीकर मुलीकडे जातील, असेही त्यात होते.

काल हे पत्नीला वाचून दाखवले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मला नको ती खुर्ची."

"का? आवाज तिथंच नीट येतो."

"येऊ दे. तिथून तुम्ही दिसत नाही, समोरची भिंत दिसते."

मला काही उमगेना.

"अहो, गाणं लागलं की तुमच्या कपाळावरच्या आठ्या जातात," ती म्हणाली. "दुकानातून यायचात तेव्हा त्या झोपेपर्यंत तशाच असायच्या. मी दिवाणावर बसते ती तेवढं बघायला. मला त्या डबीतलं काय कळतंय? गाणं नीट लागलं तर तुम्ही खूश व्हाल, म्हणून शिकून घेतलं सगळं."

मला फार आनंद झाला, हे येथे नमूद करतो. मग लक्षात आले की ही बाई दिवाणावर बसून खुर्चीकडे बघत असते. उद्या मी नसताना खुर्चीत कॅप्टन बसले, तर ती बघणार कोणाकडे?

म्हणून कलम चार आता असे: खुर्ची कॅप्टनना दिली. माझ्या पश्चात नव्हे, आजच. सकाळी ते ती उचलून वर घेऊन गेले. जाताना त्यांचे डोळे भरून आले होते, ज्याची काही गरज नव्हती. मी आता दिवाणावर पत्नीच्या शेजारी बसतो. तिथे डावा स्पीकर जेमतेम ऐकू येतो. चालेल.

५. यापुढे कॅप्टनना माझ्या मिळकतीतून काडीही मिळू नये. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून पहिले साक्षीदार तेच.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि त्यातला एकही शब्द मागे घ्यावासा वाटत नाही.

सही: चष्मेवाले
ठिकाण: राहत्या घराची बाहेरची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, रविवार

साक्षीदार १: कॅप्टन, वरचा मजला
साक्षीदार २: दातांच्या डॉक्टर, तळमजला

दोघांनी माझ्या देखत सह्या केल्या. कॅप्टननी सहीसाठी पत्नीकडे पेन मागितले. ती उठत होती. मी माझे दिले.