जाऊबाईंचा खांदा

जाऊबाई,

पेज चुलीपाशी झाकून ठेवलीय. ती पिऊन मगच भिवंडीहून आणलेली पांढरी गोळी घ्या. रिकाम्या पोटी नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. दुखत नाही म्हणून काल गोळी टाळलीत, पण कूस बदलताना तुम्ही कण्हलात ते मी ऐकलं.

मला विहिरीतून वर ओढताना तुमच्या खांद्याचा स्नायू फाटला, तरी तुम्ही माझा हात सोडला नाहीत. ऑपरेशन करून तो शिवावा लागला, तरी मला एका शब्दाने बोलला नाहीत. मी पाय घसरला म्हणाले, तर खरं ठाऊक असूनही तुम्ही घरात सगळ्यांना तेच सांगितलंत. तुमच्याएवढं काळीज मी कुणाचं पाहिलं नाही.

आज पाण्याला एकटीच गेलेय. घोर लावून घेऊ नका. दोन हंडे भरून परत येते.

तुमची,
चंद्रा