फाटकाची बेल परत मिळण्याबाबत

दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
बिनतारी ओलावा मापन प्रकल्प,
कारंजा (घाडगे), जि. वर्धा

अर्जदार : कोकिळा प्रभाकरराव काळबांडे, सेवानिवृत्त शिक्षिका

विषय : सेन्सरच्या लहरींत येणाऱ्या अडथळ्याचे खरे कारण कळविणे व नेलेली बेल परत मिळणे.
संदर्भ : बेल ताब्यात घेतल्याची आपल्या कार्यालयाची पावती.

महोदय,

अर्ज वाचण्यापूर्वी आपण क्षणभर नऊ वर्षांचे व्हावे, ही विनंती. शाळा सुटली आहे. बाईंकडे अभ्यासाला जायचे म्हणून दप्तर पाठीवर घेऊन आपण संत्र्याच्या बगीच्याच्या फाटकाशी उभे आहात. फाटकावरून रानडुकरांसाठी झटक्याची तार गेली आहे, म्हणून हात लावायचा नाही. खांबावरचे बटन दाबायचे. आत घरात बेल वाजते, बाई झटक्याचे मशीन बंद करून फाटक उघडायला येतात. आज आपण बटन दाबता. कोणी येत नाही. उद्याही येत नाही. आपण किती दिवस याल?

१. माझ्या बगीच्यात आपले सेन्सर आहेत. मातीतला ओलावा मोजून ते आकडे बिनतारी पाठवतात. वारा सुटला की आकडे तुटत. कारण शोधायला आलेल्या पथकाने बेलचे बटन दाबले, तसा त्यांच्या मीटरचा काटा हलला, म्हणून त्यांनी घरातली बेल काढून नेली; बटन मात्र खांबावरच राहिले. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु आपले कर्मचारी श्री. धीरज यांनीच मला पुढे फोनवर सांगितले, "बाई, वारा आला का रिडिंग अजूनबी तुटून राह्यलं."

२. बेल गेल्यावर मुले हाक मारतील असे मला वाटले. त्यांनी मारलीही, पण घर आत, झाडी दाट. बाईंना आपण नको झालो, असे त्यांनी धरले. मुलांना माझा कंटाळा आला, असे मी धरले. मी एकटी राहते. रोज पाटी पुसून, चटई अंथरून बसत असे आणि अंधार पडला की चटई गुंडाळत असे. शेवटी तोडणीला आलेल्या शकुबाईंनी मला फैलावर घेतले, "लेकरं बटन दाबू दाबू थकले, बाई! काऊन उघडत नाई? आमच्या सुरभीनं तं रडून घर डोक्यावर घेतलं."

३. दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून मी स्वतः फाटकाशी गेले व मुलांना आत आणले. आकड्यांचा चोर शोधायचा आहे म्हटल्यावर ती थांबली. जुना ट्रान्झिस्टर, स्टेशन नसलेल्या जागी लावला. त्यात टक्-टक् ऐकू आली. ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवला की एका ठिकाणी आवाज अगदी बारीक होतो; त्या वेळी त्याच्या आतल्या अँटेनाच्या कांडीचे टोक आवाजाच्या उगमाकडे असते. मुलांनी त्या रेषेत सुतळी ताणली. मग दुसऱ्या कोपऱ्यातून तसेच केले. दोन सुतळ्या मिळाल्या, तिथे माझी साडी होती.

४. आमच्याकडे डुकरे बिचकावीत म्हणून कुंपणाला जुन्या साड्या बांधतात. शाळेतल्या साड्या नेसून आता जायचे कोठे, म्हणून मीही बांधल्या. जांभळ्या साडीची गाठ नेमकी झटक्याच्या तारेच्या जोडावर पडली होती. वाऱ्याने साडी ओढली की जोड सैल होई, ठिणगी उडे आणि तिच्या लहरी सेन्सरच्या आड येत. "बाईचीच साडी चोर निंगाली!" म्हणून मुले लोळून हसली. साडी सोडली, जोड पक्का केला. तेव्हापासून आकडे तुटलेले नाहीत.

५. तरीही बेल मागायला गेले असता आपल्या कार्यालयातून सांगण्यात आले की, बेल जप्त केली व अडथळा थांबला, असा शेरा फाइलवर झाला आहे. सबब बेल परत देणे म्हणजे अडथळा परत देणे होईल. महोदय, एखाद्या वाऱ्याच्या दिवशी आपण स्वतः यावे. बेल जोडून पाहावी. आकडे तुटले, तर ती मी आपल्या हाती देईन व पुन्हा मागणार नाही.

६. गुडघ्यामुळे रोज फाटकापर्यंत जाणे होत नाही. बाकीची मुले पुन्हा येईनाशी झाली आहेत. काल सुरभी मात्र आली. रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगावर चढून ती सतराचा पाढा ओरडून म्हणू लागली. सतरा सातेला अडली, पुन्हा पहिल्यापासून निघाली. मला ऐकू येऊन, मशीन बंद करून मी फाटक उघडेपर्यंत ती पुन्हा तिथेच अडली होती. मला पाहून ती खाली उतरली नाही. तिने मोठा श्वास घेतला आणि पुन्हा सतरा एके सतरापासून सुरुवात केली.

आपल्या येण्याची वाट पाहणारी,
कोकिळा प्रभाकरराव काळबांडे