सुवर्णपदक शिवणाच्या दुकानात पोचवण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, निवृत्त जिम्नॅस्ट, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहिते. घोट्यात दोन स्क्रू आहेत, डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर धाकट्या बहिणीला. मी सातव्या वर्षी प्रशिक्षण केंद्रात राहायला गेले. आईबाबांची दुखणीखुपणी तिनेच काढली. भाऊ हरकत घेईल. आईच्या आजारपणात कुठे होतास, एवढंच त्याला विचारावं.

२. बँकेतल्या ठेवीतून, मी बावीस वर्षं शिकवलं त्या व्यायामशाळेसाठी नव्या मॅट घ्याव्यात. पाटीवर माझं नाव नको. मॅट जाड हव्यात.

३. माझ्या प्रशिक्षकांना काहीही नाही. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत मोडक्या पायावर मला आपणच खेळवलं, असं ते मुलाखतींतून सांगत आले. त्या सकाळी त्यांनी विचारलं होतं, "पाय कसा आहे? खरं सांग." मी म्हणाले, "ठीक आहे." खोटं माझं होतं. त्याचं श्रेय त्यांनी घेऊ नये.

४. सुवर्णपदक माझ्या तेव्हाच्या खोलीतल्या मैत्रिणीला. राखीव खेळाडू तीच होती. मी माघार घेतली असती, तर कसरतीच्या त्या चार इंच रुंद बीमवर ती चढली असती. माझा सुजलेला पाय तिने आदल्या दिवशीच पाहिला होता. ती कुणाला बोलली नाही. खाली बसून पट्टीही तिनेच बांधली. पुन्हा ऑलिंपिकला जायची संधी तिला मिळाली नाही. पुढे तिने शिवणाचं दुकान टाकलं.

तीस वर्षांनी तिथे जाऊन मी विचारलं, "तेव्हा सांगून का टाकलं नाहीस?"

"सांगणारच होते," सुईत दोरा ओवत ती म्हणाली. "दारापर्यंत गेले होते."

"मग?"

"मागे वळून पाहिलं. तू पलंगावर डोळे मिटून पडली होतीस आणि हाताने सगळ्या उड्या मोजत होतीस. मग परत आले आणि पट्टी शोधली."



पदक मी तिला दोनदा देऊन पाहिलं, तिने घेतलं नाही. म्हणून वकिलांनी तिच्याशी वाद घालू नये. दुकानात गिऱ्हाईक असेल अशा वेळी जावं, पदक काउंटरवर ठेवावं आणि निघून यावं. चारचौघांत ती मागे धावणार नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला व साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: (लिहून देणार)

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)
२. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: राहतं घर, तिसरा मजला
दिनांक: १४ मार्च २०१९