साहेबांच्या टीव्हीवर आपली होडी

बाबा, गेल्या सोमवारी तुझ्या मुलाचं तोंड घाणेरडं आहे असं सरकारी कागदावर टाइप होऊन आलं. खाली सही आहे, गोल शिक्का आहे. दादाने तो कागद माझ्याकडून चार वेळा वाचून घेतला आणि मग नीट घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवून दिला, जसं काही बक्षीसच मिळालंय. तुला जाऊन वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. पण आता माझा संताप ऐकून घ्यायला घरात कुणी नाही, दादा नुसता मान खाली घालून बसतो, म्हणून तुला सांगते. आणि खरं सांगायचं तर तुझ्यावरही मी चिडलेलीच आहे.

दादा अजून होडी घेऊन जातो. पहाटे जाळी टाकायची, उन्हं चढायच्या आत ओढायची, तुझाच शिरस्ता. तुझ्या वेळी बाहेरचे ट्रॉलर लांब एका रेघेत दिसायचे. आता ते इतके आत येतात की वरच्या माणसाच्या शर्टाचा रंग सांगता येतो. एवढ्या आत यायला त्यांना बंदी आहे. पण बंदी कागदावर आणि ट्रॉलर पाण्यावर, दोघांची कधी गाठ पडत नाही. नारळी पौर्णिमेनंतर एका सकाळी असाच एक ट्रॉलर दादाच्या जाळ्यांवरून सरळ निघून गेला. दादा ओरडला, हात हलवले, कुणी वळून पाहिलं नाही. जाळी फाटून त्याच्या मागे ओढली गेली. असल्या बोटींचा नंबर कधीच दिसत नाही, त्यावर जुनं जाळं लटकवलेलं असतं. पण या पठ्ठ्याने पुढे जाऊन वळण घेतलं आणि वाऱ्याने ते जाळं बाजूला केलं. दादा एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर शूटिंग करत होता. दोन मिनिटांची चित्रफीत, आणि शेवटच्या चार सेकंदांत नंबर. मोबाइलवर तो नुसता काळा ठिपका दिसतो. मोठ्या पडद्यावर मात्र एकेक अक्षर वाचता येतं. आपल्या वाडीच्या हातात पहिल्यांदाच एका ट्रॉलरचा नंबर आला होता.

मोठ्या पडद्यावर दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी तेच करते. तू गेलास तेव्हा मी टायपिंगच्या परीक्षा देत होते. आता कणकवलीला कॉलेजात प्रयोगशाळेत असते, आणि प्राध्यापकांच्या लॅपटॉपवरचं चित्र भिंतीवरच्या टीव्हीवर नेऊन देणं हे माझं रोजचं काम आहे. त्याला वायर लागत नाही. लॅपटॉप आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असले की लॅपटॉपवर टीव्हीचं नाव येतं, त्यावर बोट ठेवलं की इकडचं चित्र तिकडे. तू असतास तर पहिल्यांदा विचारलं असतंस, "वायर नाय, मगे चित्र खंयसून येता?" तूच विचारलं असतंस! कौलांवर चढून अँटेना फिरवणारा तू, आणि खाली अंगणात आम्ही दोघं बेंबीच्या देठापासून ओरडतोय, "इला! इला! इला... गेला!" तू वरून विचारतोस, "आता?" आणि आम्ही म्हणतो, "मुंग्यो!" तासभर उन्हात तापून खाली उतरायचास आणि बातम्या संपलेल्या असायच्या. तरी चिडायचा नाहीस. जमिनीवर तू कशावरच चिडायचा नाहीस.

मला राग आहे तो याचाच. मी बारा वर्षांची असेन. बंदरावरच्या कुठल्याशा परवान्यासाठी तू मला घेऊन मासेमारी खात्याच्या कार्यालयात गेला होतास, कारण अर्ज वाचायला कुणीतरी हवं होतं. माझ्या डोक्यावर टोपली होती, तिच्यात वर केळीच्या पानाखाली आदल्या दिवशी जाळ्यात आलेली सगळ्यात मोठी इसवण. साहेबांनी टोपली आत घरात पाठवली आणि तुला बाहेरच्या बाकावर बसवलं. दुपारी म्हणाले, अर्जात एक कागद कमी आहे. कागद कमी नव्हता, मी स्वतः मोजून लावले होते. मी तसं म्हणायला तोंड उघडलं तर तू माझा दंड दाबलास. "सायब बोलतत थय मदी बोलू नको." आणि साहेबांकडे हात जोडून म्हणालास, "सायेब म्हणतले तसा." परत येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते आणि तू मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिलीस. मी ती खाल्ली नाही. आज सांगते, मला भूक लागली होती.

आणि हाच तू दर्यात कसा होतास! एकदा हट्ट करून मी तुझ्याबरोबर होडीत आले होते. दोऱ्याचा गुंता झाला, वाऱ्याने होडी फिरली, आणि तू वाऱ्याला, दोऱ्याला, लाटेला, दादाला, लाटेच्या आईला, कुणालाही सोडलं नाहीस. आवाज असा की शेजारच्या दोन होड्यांतली माणसं हसत होती. मी थक्क होऊन बघत राहिले, हा माणूस आपल्या घरात राहतो? दुसऱ्या दिवशी अंगणात सागरगोटे खेळताना मी त्यातलंच एक वाक्य मैत्रिणीला ऐकवलं आणि तू मागून येऊन माझ्या थोबाडीत दिलीस. आयुष्यात एकदाच. "दर्यातला दर्यात ठेवचा. हयसर माणसासारख्या बोलूचा, समाजला?" मला समजलं नव्हतं. माणसासारखं बोलणं म्हणजे नेमकं कुठलं? जे तू साहेबांपुढे बोलायचास, ते?

तर दादाने केलेल्या तक्रारीची सुनावणी, त्याच कार्यालयात. अर्जाला आम्ही नंबराचा फोटो जोडला होता. ट्रॉलरवाल्याच्या वकिलाने लेखी दिलं की फोटो कुणीही बनवतो, चित्रफीत असेल तर सर्वांसमक्ष दाखवा. दाखवू की! आदल्या रविवारी घरच्या टीव्हीवर रंगीत तालीम झाली, वाडीतली माणसं ओटीवर मावेनात. नंबर आला की टाळ्या, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी कार्यालयात फोन करून विचारलं, केबल आणू का? शिपाई म्हणाला, "काय गरज नाय, आमचा सगळा वायरलेस आसा." त्या शब्दावर विसंबून मी केबल घरी ठेवली. मी! कॉलेजात ज्या बाईच्या पिशवीत डब्याशेजारी कायम केबल असते, ती मी.

हॉलमध्ये नवा कोरा पंचावन्न इंची टीव्ही, त्याच्या कडेची प्लास्टिकची पट्टीही अजून काढलेली नाही. मी लॅपटॉप उघडला. वाय-फायचा पासवर्ड विचारला. तो म्हणे एकाच कारकुनाला माहीत, आणि कारकून रजेवर. फोन करा ना त्यांना. नाही, पासवर्ड गोपनीय असतो, फोनवर सांगता येत नाही. बरं, पेन ड्राइव्ह लावू? बाहेरचा पेन ड्राइव्ह लावायला मनाई, भिंतीवर परिपत्रक चिकटवलेलं. मग तुमच्याकडची केबल द्या. केबल होती, पण ती साहेबांच्या केबिनमधल्या टीव्हीला लावलेली, मॅचसाठी, आणि केबिनला कुलूप, किल्ली त्याच रजेवरच्या कारकुनाकडे. शेवटी मी म्हटलं, लॅपटॉपवरच बघा, सगळे जवळ या. वकील म्हणाले, "समक्ष म्हणजे मोठ्या पडद्यावर, सगळ्यांना एकदम." साहेबांनी मान हलवली. बाबा, माझं डोकं तडकलं होतं. वाडीतली एवढी माणसं आपलं एका दिवसाचं पोट बाजूला ठेवून, इस्त्रीचे शर्ट घालून भिंतीला टेकून उभी, आणि समोर लाखाची वस्तू, जी दाखवत काहीच नाही.

मी माझ्या मोबाइलचं नेट सुरू केलं, टीव्ही त्यावर जोडला, लॅपटॉप त्यावर जोडला. नेटची एकच काडी. खिडकीत मोबाइल धरून दादा उभा राहिला, तसाच, तू अँटेना धरायचास तसा. टीव्हीचं नाव आलं. मी बोट ठेवलं. आणि पडद्यावर आपला दर्या आला, बाबा, त्या हॉलमध्ये, भिंतभर, आपल्या होडीची निळी कड, पलीकडे ट्रॉलर. भिंतीला टेकलेली माणसं पुढे सरकली. सात-आठ सेकंद चाललं असेल आणि चित्र थांबलं. मधोमध ते गोल चाक फिरायला लागलं. साहेब तसे वाईट नव्हते. म्हणाले, "ठीक आहे, आणखी पाच मिनिटं बघा प्रयत्न करून."

पण थांबलं होतं ते फक्त चित्र. आवाज चालूच होता. गोठलेल्या ट्रॉलरवर फिरणारं चाक, आणि त्यामागून दादाचा आवाज, नव्या टीव्हीच्या सगळ्या ताकदीनिशी, "रे मेल्या, डोळे फुटले काय तुझे? शिरा पडो तुझ्या तोंडार! हय जाळी आसत रे, जाळी! तुझ्या आवशीचो घोव..." पुढचं लिहीत नाही, तुला पाठ आहे. ऐकलंस का, आम्ही ती चित्रफीत घरी पन्नास वेळा पाहिली होती. ओटीवर म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. एकालाही, अगदी एकालाही, त्यातल्या शिव्या ऐकू आल्या नव्हत्या! आम्हाला तो दर्यातल्या माणसाचा आवाज वाटत होता, इंजिनाच्या आवाजासारखा, असतोच तो. चित्र थांबलं तेव्हा पहिल्यांदा आम्हाला शब्द ऐकू आले.

"बंद करा ते!" साहेब उठून उभे राहिले. "इथे महिला कर्मचारी आहेत." महिला कर्मचारी दोन होत्या, दोघी आपल्याच भागातल्या, तोंडाला पदर लावून हसत होत्या. वकील म्हणाले, ही तर धमकी आहे, नोंद घ्या. आणि आवाज चाललाच आहे, हॉलभर. शिव्या संपून दादा शेवटी म्हणतो, "रे, पोटार पाय देतंस रे..." तेही सगळ्यांनी ऐकलं. तेवढ्यात शिपायाने भिंतीवरचं बटण बंद केलं. सुनावणी तिथेच संपली. दादा खिडकीतून पुढे आला, मोबाइल तसाच हातात, आणि साहेबांपुढे हात जोडले. "चूक झाली सायेब." मागून त्याची मान बघून मला वाटलं, तूच उभा आहेस.

आता कागदात काय आहे ते ऐक. जाळी फाटली त्याबद्दल एक ओळ नाही. ट्रॉलर आत आला त्याबद्दल एक ओळ नाही. "तक्रारदारांनी सादर केलेल्या चित्रफितीत असभ्य भाषेचा वापर आढळून आला, सबब तक्रारदारांना समज देण्यात येत आहे." समज! ज्याच्या जाळ्यावरून बोट गेली त्याला समज, आणि ज्याची बोट गेली तो बाहेर चहा पीत उभा. पुढे लिहिलंय, चित्रफीत हवी असल्यास सीडीमध्ये नव्याने सादर करावी. सीडी! मी कणकवलीचा अख्खा बाजार पालथा घातला. एका दुकानदाराने मला विचारलं, "बाई, बऱ्या आसास मां?" सीडी मिळेल, मी मिळवीन, पण पुढची तारीख कधी ते कुणी सांगत नाही, आणि तोवर तो ट्रॉलर रंग बदलून नव्या नंबराने फिरणार हे वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

दादा हल्ली होडीत बोलत नाही. त्याच्याबरोबर जाणारे सांगतात, जाळं अडकलं तरी गप्प. परवा जेवताना म्हणाला, "माजाच चुकला गो. तोंड आवराक व्हया होता. तू एवढी मेहनत केलंस." मी त्याच्या ताटात भात वाढला आणि म्हटलं, जाऊ दे रे, त्या टीव्हीचा रिमोटच बिघडलेला होता, नाहीतर मी लगेच आवाज बंद केला असता. वाडीतही मी सगळ्यांना हेच सांगितलंय.

रिमोट बिघडलेला नव्हता, बाबा. तो माझ्या हातात होता. आवाज बंद करायचं बटण मला न बघता सापडतं, आणि अंगठा त्याच्यावरच होता. आवाज बंद करून पुन्हा चित्र जोडलं असतं, साहेबांनी पाच मिनिटं दिलीच होती, तर नंबर दिसला असता. पण दादाचा आवाज हुबेहूब तुझा आहे. त्या हॉलमध्ये, त्या खुर्चीपुढे, तू पहिल्यांदा तोंड उघडून बोलत होतास, आणि मला ते संपूर्ण ऐकायचं होतं. त्यासाठी मी वाडीचा नंबर घालवला. हे दादाला सांगायचं धाडस माझ्यात नाही. तुला लिहिलं, कारण तू वाचणार नाहीस.